गाडी पिते किती आणि आपण पाजतो किती



गेल्या महिन्यात गट ऑफिसात ऊस नोंदीचे काम चालू होते. आमचे एक जुने सभासद, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो, ते आपली छोटी पांढरी मोटार दारात लावून आत आले आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "साहेब, तुमचं ते इथेनॉल पेट्रोलात घातल्यापासनं आमची गाडी पार दारूड्यागत प्यायला लागलीया. घेतली तवा लिटरला अठरा द्यायची, आता अकराला महाग झालीया."

ऑफिसात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "आबा, 'तुमचं' कसं? तुमच्याच उसाचं आहे की ते." आबा म्हणाले, "ते खरं, पण पंपावर पैसं मीच देतोय न्हवं?"

आबांचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपण सभासद या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभे आहोत. ऊस घालून इथेनॉल विकणारे आपण, आणि पंपावर टाकी भरून तेच विकत घेणारेही आपणच. म्हणून या प्रश्नाचे उत्तर झाकून न ठेवता, हिशेबाने द्यायला हवे असे आम्हाला वाटते. आम्ही कृषी पदविकेचे माणूस, मोटारीचे मिस्त्री नव्हे. पण गटागटांत फिरून आमचीही एक छोटी गाडी झिजते आहे, आणि पेट्रोल आमच्याही खिशातून जाते.

एक काळ असा होता की गावात मोटार आली की पोरे मागे धावायची. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, तेव्हा ती एखाद्या डॉक्टरच्या नाहीतर पुढाऱ्याच्या दारात दिसायची. आज दोन-अडीच एकर ऊस असलेल्या सभासदाच्या दारातही हप्त्यावर घेतलेली, नाहीतर दुसऱ्या हाताची, छोटी गाडी उभी असते. ती चैन राहिलेली नाही. म्हातारी माणसे दवाखान्यात न्यायची, पोरांना परीक्षेला सोडायचे, पावसात शेताला जायचे, तर गाडी लागतेच. तेव्हा "गाडी विका आणि सायकल घ्या" असा फुकटचा उपदेश आम्ही करणार नाही. गाडी असावी. पण ती कशी वापरतो याचा विचार आपण उसाच्या पाण्याइतका तरी करतो का, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

प्रथम इथेनॉलचा हिशेब मांडू. पेट्रोलात ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशातल्या काही राज्यांत २००३ मध्ये सुरू झाला. २०२२ मध्ये मिश्रण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. आता एक गोष्ट सरळ कबूल केली पाहिजे. एक लिटर इथेनॉलमध्ये जी ऊर्जा असते ती एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. म्हणजे शंभर लिटरमध्ये वीस लिटर इथेनॉल आले की एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. नीती आयोगाने २०२१ मध्ये काढलेल्या आराखड्यातही हेच म्हटले होते. जुन्या बनावटीच्या, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारींत ६ ते ७ टक्के घट होईल. १० टक्क्यांसाठी बांधलेल्या आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या मोटारींत १ ते २ टक्के घट होईल, असा तो अंदाज होता. आपण इथेनॉल विकतो म्हणून हे लपवायचे कारण नाही. त्याचे देशाला आणि आपल्याला फायदे आहेत, ते आपण नेहमी सांगतो. मग त्याची किंमतही आपणच सांगावी.

पण आता आबांची गाडी बघा. अठराचे सात टक्के म्हणजे सव्वा किलोमीटर. इथेनॉलने फार फार तर अठराचे पावणेसतरा केले. मग पावणेसतराचे अकरा कुणी केले? ही पाच-सहा किलोमीटरची चोरी कोण करतो?

आम्ही आबांना विचारले, काल गाडी कुठे कुठे गेली ते सांगा. आबा बोटे मोजू लागले. सकाळी दूध डेअरीला. मग नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायला. मग लाइट आली म्हणून मोटर चालू करायला मळ्यात. परत घरी. न्याहारीनंतर खताच्या दुकानात. दुपारी सोसायटीत. पुन्हा मळ्यात, पाणी कुठवर आले ते बघायला. परत. संध्याकाळी पुन्हा डेअरी. डेअरी, दुकान, सोसायटी इथून घरी येताना इंजिन गरमच होते, ते सोडून देऊ. तरी दिवसात आठ-नऊ वेळा थंड झालेल्या इंजिनाला किल्ली फिरली, आणि सगळे अंतर भरले सोळा किलोमीटर. गाडी एका दमात दोन-तीन किलोमीटरच्या पुढे गेलीच नाही. आबा स्वतःच गप्प झाले.

चोर हा आहे. यात गाडीचा दोष नाही.

हे का होते ते ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला चटकन कळेल. सकाळचे पहिले आदण निघायला किती जळण लागते? चुलवण गार, काहील गार, रस गार. आधी हे सगळे तापवायचे, मग रस आटवायचा. दुसरे, तिसरे आदण मात्र तापलेल्या चुलवणावर कमी जळणात निघते. आता एखाद्याने एक आदण काढून चुलवण विझू दिले, चार तासांनी पुन्हा पेटवले, पुन्हा विझू दिले, तर त्या गुऱ्हाळाचे दिवाळे निघायला किती दिवस लागतील? आपल्या कारखान्याचेही तेच. उसाअभावी गाळप थांबले की साखर निघत नाही, पण बगॅस जळतच असते. म्हणून 'नो केन' म्हटले की आमच्या पोटात गोळा येतो. आणि गाडीच्या बाबतीत आपण रोज आठ वेळा 'नो केन' करतो.

इंजिनाचे पाणी साधारण ९० अंशांवर आले म्हणजे इंजिन नीट तापले असे समजतात. पेट्रोल थंड धातूवर नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिन गार असताना त्याला जास्त पेट्रोल पाजावे लागते. पूर्वी त्यासाठी आपण हाताने चोक ओढायचो. आता चोक दिसत नाही, पण गाडीतला कॉम्प्युटर तेच काम गुपचूप करतो. दुसरी गोष्ट ऑइलची. थंडीत काकवी बरणीतून कशी लवकर पडत नाही आणि तापवली की कशी पाण्यागत वाहते, तसेच ऑइलचे आहे. गार ऑइल घट्ट असते. त्यात इंजिनाचे भाग फिरवायला जास्त जोर लागतो. ऑइल तर पाण्यापेक्षाही उशिरा तापते. छोट्या गाडीचे सगळे अंग नीट तापायला पाच-सात किलोमीटर तरी लागतात, आणि आपला मळा येतो दोन किलोमीटरवर. म्हणजे इंजिन तापायच्या आत आपण उतरलेलो असतो. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणजे गार इंजिनाला तेही थोडे जड जाते. तो वाटाही आबांच्या बाजूने धरू.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने लोकांना सांगितले आहे की थंड इंजिनाने केलेल्या अनेक छोट्या फेऱ्यांना, तेवढ्याच अंतराच्या एका सलग फेरीच्या दुप्पट पेट्रोल लागू शकते. त्यांच्याकडे बर्फ पडतो, आपल्याकडे पडत नाही, तेव्हा आपला तोटा काही अंशी कमी असेल. पण मुद्दा तोच.

आम्ही हे ऐकून थांबलो नाही. आमच्या स्वतःच्या गाडीत एक वही ठेवली. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरायची, आणि किती किलोमीटरला किती लिटर लागले ते मांडायचे. गाडीच्या काचेमागे दिसणाऱ्या आकड्यावर जायचे नाही. पहिल्या महिन्यात सवयीप्रमाणे, फोन आला की निघायचे, अशी गाडी चालवली. ६२० किलोमीटर झाले, ५४ लिटर लागले. म्हणजे लिटरला साडेअकरा. आबांना हसणारे आम्ही, आमचेही आबांसारखेच!

दुसऱ्या महिन्यात कामे एकत्र बांधली. या गावची लागण पाहणी, त्याच वाटेवरची माती तपासणी, परतताना बेणेमळा आणि शेवटी घरचा बाजार, असे एका फेरीत. अंतर झाले ४३० किलोमीटर, पेट्रोल लागले ३० लिटर. म्हणजे लिटरला चौदाच्या थोडे वर. महिन्याला २४ लिटर वाचले. दोन्ही महिन्यांचे ऊन, रस्ते अगदी सारखे नव्हते, तेव्हा हा काही प्रयोगशाळेचा आकडा नव्हे. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घ्या. या २४ लिटरपैकी सात-आठ लिटर इंजिन गरम राहिल्यामुळे वाचले, आणि सोळा-सतरा लिटर निव्वळ न फिरल्यामुळे. सगळ्यात स्वस्त फेरी म्हणजे न केलेली फेरी.

लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला २,४०० आणि वर्षाला २८,८०० रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामाचा केंद्राचा एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये होता. तोडणी-वाहतूक वजा न करताही ही रक्कम आठ टन उसाची होते. एकरी आठ टन वाढवायला आम्ही तुम्हाला माती परीक्षण, बेणे प्रक्रिया, ठिबक, पाचट आच्छादन असे किती सांगतो, आणि तुम्ही किती राबता! तेवढेच आठ टन आपण गाडीच्या धुरात सोडतो आणि त्याची नोंदही कुठल्या वहीत नसते.

पैशाशिवाय आणखी एक नुकसान आहे. गार इंजिनात जळण्यातून झालेले पाणी आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. लांब फेरीत ते वाफ होऊन निघून जाते, छोट्या फेऱ्यांत साठत जाते. सायलेन्सर आतून गंजतो. बॅटरी किल्लीला जेवढी खर्च होते तेवढी भरून येत नाही. म्हणून "गाडी कमी पळाली आहे, ऑइल कशाला बदलायचे" हा हिशेब चुकीचा. कंपन्यांच्या पुस्तिकांत सततच्या छोट्या फेऱ्यांना बहुधा कष्टाच्या वापरात धरलेले असते. किलोमीटर भरले नाहीत तरी मुदत भरली की ऑइल बदलावे.

डिझेल गाडीवाल्यांनी "आमचे बरे" म्हणून हसू नये. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी असते. ती जाळून साफ व्हायला लांबची, गरम फेरी लागते. दोन-दोन किलोमीटर पळवली तर ती तुंबते आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. सीएनजीच्या बऱ्याच गाड्याही पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडे तापल्यावरच गॅसवर जातात. छोटी फेरी असेल तर गॅसचा फायदा हाती लागेपर्यंत घर येते.

आता उपाय. नवे यंत्र नको, पंपावर मिळणारी औषधाची बाटली नको. एवढे करा :

१) रात्री जेवताना उद्याची कामे एकत्र करा. एका फेरीत तीन कामे बसवा. सगळ्यात लांबचे काम आधी घ्या, म्हणजे इंजिन तापेल. मग परतीच्या वाटेवर थांबत या. गरम इंजिन दहा-पंधरा मिनिटे उभे राहिले तरी गरमच असते.

२) एक किलोमीटरच्या आत पायी नाहीतर सायकलने. डेअरीची किटली सायकलला अडकवून आपण वाढलो, त्यात कमीपणा काही नाही.

३) सकाळी गाडी चालू करून दारात पाच मिनिटे घुरघुरत ठेवू नका. अर्ध्या मिनिटाने निघा आणि पहिले दोन किलोमीटर रेस न देता शांतपणे चालवा. इंजिन चालण्याने लवकर तापते, उभे राहून नव्हे.

४) वजनकाट्यापाशी, डेअरीत, चहाच्या टपरीपुढे गप्पा रंगल्या की इंजिन बंद करा. छोटी गाडीही नुसती उभी राहून तासाला अर्धा लिटरच्या वर पिऊ शकते, एसी चालू असेल तर आणखी जास्त.

५) चाकातली हवा पंधरवड्यातून एकदा, गाडी गार असताना तपासा. आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. हवा कमी असेल तर पेट्रोलही जाते आणि टायरही.

६) डिकी म्हणजे गोदाम नव्हे. युरियाचे ४५ किलोचे एक पोते महिनाभर डिकीत फिरले तर साधारण एक टक्का पेट्रोल त्याच्या वाहतुकीला जाते.

७) गाडी सावलीत लावा. उन्हात तापली असेल तर आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. छोट्या फेरीत एसीचा भार जास्त पडतो.

८) उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडू नका. जुन्या ड्रायव्हरांची ती सवय आजच्या गाडीला लागू नाही. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की आजचे इंजिन पेट्रोल जवळजवळ बंद करते. न्यूट्रलला मात्र ते चालू ठेवायला पेट्रोल लागते. शिवाय गाडी ताब्यात राहत नाही ते वेगळेच.

ज्यांची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची आहे त्यांनी कंपनीची पुस्तिका पाहावी आणि सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्या, वायसर मिस्त्रीला दाखवून घ्यावेत. इथेनॉल पाणी धरते, तेव्हा टाकीचे झाकण घट्ट असू द्या.

हे सगळे सभासदांना सांगितले. आता आमच्या खात्याचे. आबांना त्या महिन्यात गट ऑफिसला चार हेलपाटे का पडले ते आम्ही वहीतच पाहिले. एकदा स्लिपबॉय फिरतीवर होता. एकदा सात-बारा जोडायचा राहिला, पण हे त्यांना पहिल्याच वेळी कुणी सांगितले नव्हते. एकदा संगणक बंद. चौथ्या वेळी काम झाले. आबांच्या पेट्रोलमधला काही भाग आम्हीच पाजला की! सभासदाला "उद्या या" म्हणणे सोपे असते, कारण त्या उद्याचे पेट्रोल आपल्या खिशातून जात नाही. आमचे स्पष्ट मत आहे की सहकारी संस्थेत सभासदाची फेरी वाचवणे हेही कामच समजले पाहिजे.

म्हणून आमच्या गटापुरते आम्ही ठरवले आहे : नोंदीला कोणते कागद लागतात त्याची यादी दारावर मोठ्या अक्षरात लावायची, अधिकारी फिरतीवर असण्याचे आणि ऑफिसात असण्याचे वार ठरवून तेही लिहायचे, आणि नोंद, खत-बेणे मागणी व बिलाची चौकशी एकाच फेरीत उरकेल अशी व्यवस्था करायची. यात आमच्याकडून कुचराई झाली तर सभासदांनी तोंडावर सांगावे. इतर गटांनीही हे करावे अशी आमची विनंती आहे.

आबांना आम्ही एक शंभर पानी वही दिली आहे. त्यांनी ती गाडीत ठेवली, पण जाताना म्हणाले, "साहेब, सात टक्के तरी इथेनॉलनं खाल्लंच की." खरे आहे, आबा. ते सात टक्के आम्ही नाकारत नाही. ते तुमच्या-आमच्या हातात नाहीत. बाकीचे तीस टक्के मात्र हातात आहेत, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

ज्या सभासदांच्या दारात छोटी गाडी आहे त्यांनी दोन महिने अशी वही ठेवावी, एक महिना नेहमीसारखा आणि एक महिना फेऱ्या बांधून, आणि पुढच्या गट बैठकीला ती सोबत आणावी. आकडे कमी आले तरी आणा, जास्त आले तरी आणा. इथेनॉलने किती खाल्ले आणि आपण किती सांडले, ते सगळ्यांसमोर मांडून बघू.



आपला,
ऊस विकास अधिकारी